माफीची दवंडी

भिमाजी : ती हलगी खाली ठेव, शांतवन. कलेक्टरचा हुकूम आजच गावाला ऐकवला पाहिजे असं कुठंय? चार दिवस थांब.

शांतवन : मामलेदारांनी बजावलंय, अण्णा. म्युनिसिपालटी बरखास्त झाली, उद्यापासून तुमच्या खुर्चीवर त्यांचा मानूस बसनार. आज दवंडी गेली न्हाई तर माझी शिपाईगिरी जाईल.

भिमाजी : सात महिने पगार नाही, ती शिपाईगिरी?

शांतवन : व्हय. तीच.

भिमाजी : मी नगरला कलेक्टरकडे जाऊन येतो. अध्यक्ष म्हणून मला गावानं निवडलंय. बाहेरच्या माणसाला इथल्या कुणाच्या घरात चूल पेटली नाही ते काय कळणार? म्युनिसिपालटी बरखास्त करा म्हणून कुणीतरी गावातूनच अर्ज केलाय. नाव कळलं तर विचारीन त्याला.

शांतवन : इचारा मग.

भिमाजी : कुणाला?

शांतवन : मला. अंगठा माझा हाय. मिशनच्या मास्तरांनी लिवून दिला.

भिमाजी : तू? बारा वर्षं माझ्या हाताखाली आहेस. पगारासाठी केलंस?

शांतवन : न्हाई. चैतात पटकीची साथ आली, तवा आडात टाकायचं लाल औषध मागाया मी तीनदा आल्तो. तुमी म्हनले, तिजोरीत काय न्हाई.

भिमाजी : नव्हतंच. पाऊस नाही, पीक नाही, म्हणून घरपट्टी माफ केली होती. लोकांची भांडी उचलून आणायची होती का मी?

शांतवन : माफीची दवंडी मीच दिल्ती की. लोकांनी हलगीवर गुलाल टाकला. माझा बी रुपाया वाचला. त्याचा नाताळात माझ्या लेकीला, दयाला झगा शिवला. तोच घालून तिला मातीत ठिवली.

भिमाजी : मी आलो होतो मातीला.

शांतवन : आल्ता. रडला बी. तुमी वाईट न्हाई, अण्णा. म्हनून तर माफी देताना तुमाला कुनी आडवलं न्हाई. मी बी न्हाई. हा अर्ज वरीसभर आधी करायला पायजे हुता. आडात औषध तरी पडलं असतं.

(शांतवन हलगी गळ्यात अडकवतो.)

भिमाजी : हुकुमात माझं नाव आहे?

शांतवन : हाय. घ्यावं लागंल.

भिमाजी : घे. मीही येतो तुझ्याबरोबर. कुठून सुरुवात करायची?

शांतवन : आडापासून. माफीची बी तिथूनच दिल्ती.