एक खरी पायली द्या

...आता ह्यात माझी काय चूक, सांगा! त्या साली नारळी पुनव लांब, होड्या वर ओढून शाकारलेल्या, आन् घरातला तांदूळ संपला! ही ठमा, माझी बायको, माझ्याकडं अशी बघतेय, जसा मीच कच्चा खाल्ला!

तुमाला सांगतो, आमी कोळी मानसं. उन्हाळ्यात रतनशेटला सुकं म्हावरं द्यायचं, बदल्यात पावसाळ्याचा तांदूळ घ्यायचा. शेट पायली भरतो, वर हसून म्हनतो, "भागोजी, माप एटले माप!" व्हय बाबा, माप म्हंजे माप! पन त्या टायमाला ठमानं दुकानात जाऊन त्या पायलीत हात घातला. हात कोपरापातुर जायचा, तो मनगटापातुरच गेला, आतलं बूड वर चढवलेलं!

झालं, पेटली! मामलेदारसाहेब गावात आले, तर ही साऱ्या बायका घेऊन हजर. "आपापली पायली आना गो, शेटला खरं माप दावू!" आनली ना! केसरनं माहेरची मानगावची, गोदूबाईनं पालीची, हिनं आपल्या आयची... भरून बघतात तर एकीचं दुसरीला जुळंल तर शपथ! शेट पोट धरून हसतोय, "हवे बोला, आता बोला! माप एटले माप!" मी मान खाली घातली. सोताच्या बायकोची फजिती बघवत न्हाय हो!

पन ठमा? तिनं सगळ्या पायल्या वळीनं मांडल्या, शेटचीबी त्यातच. "साहेब, माजीबी खोटी धरा. पन सरकारनं एक खरी द्या, शिक्का मारून. आन् दर साल तपासा, न्हायतर तिचंबी बूड वर येईल!" साहेबांनी तिथंच कागद मागवला.

मग अर्ज, हेलपाटे, अंगठे... चपला झिजल्या, ज्यांना व्हत्या त्यांच्या! पन आला की कायदा! शिक्क्याची पायली आली. रतनशेट गप भरत व्हता, तवा मीच वरडलो, "शेट, माप म्हंजे माप!"

तांदूळ पुरला हो, वर उरला! आन् काल चुलीपाशी बघतो तर काय... मला ताटभर डोंगर, आन् हिच्या ताटात दोन मुठी भात!

"आगो, आता हाय की घरात!"

"सवय झाली वो," म्हनली.

किती पावसाळ्यांची सवय गो ही? ताट बदलाया गेलो, तर हातावर पळी बसली! तसाच उठून साहेबाकडं गेलो. म्हटलं, शेटच्या मापाला शिक्का झाला, पन बायको सोतालाच कमी मापती, त्याचा अर्ज कुठं करू?

साहेब चष्मा पुसत म्हनाले, "भागोजी, त्याला कायदा नाही. माझ्याही घरी हाच गुन्हा होतो."