डाव्या बाजूची पायरी

मी, वय ७२ वर्षे, व्यवसाय घरकाम, राहणार मुलाच्या घरी, तिसरा मजला. इमारतीत मला सगळे माई म्हणतात. कोणी बोलावले नसताना आज पोलीस ठाण्यात हजर होऊन समक्ष सांगते की,

मी मुलगा व सून यांच्यासोबत राहते. मुलाकडे महागडी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी आहे. ती घेतली तेव्हा तो मला म्हणाला होता की, आता मावशीच्या दारापर्यंत गाडी नेऊ. मावशी म्हणजे माझी धाकटी बहीण. तिच्या घराच्या बऱ्याच अलीकडे डांबर संपते, पुढे नुसते दगडधोंडे. तिचे गुडघे गेले आहेत, माझे जाण्याच्या मार्गावर आहेत. आम्ही फोनवरच भेटतो.

गेल्या महिन्यापासून मुलगा गाडी ऑफ-रोडसाठी तयार करतो आहे. फार नाही, थोडीशीच, असे तो म्हणतो. दणकट म्हणून घेतलेली गाडी पुन्हा दणकट कशाला करायची, ते मला कळले नाही. पण हौसेला मोल नसते. त्याने जाड नक्षीचे टायर बसवले, गाडीच्या पोटाखाली लोखंडी पत्रा लावून घेतला, रुतली तर ओढायला पट्टा आणि हवा भरायचा छोटा पंप आणला. मातीत उतरताना टायरमधली हवा थोडी कमी करायची असते, हेही मला शिकवले. तो गाडीखाली आडवा झाला की टॉर्च मी धरायचे. मला वाटले, ही तयारी बहिणीकडे जायची. तिला तसे सांगूनही टाकले. तिने पुढची खोली रंगवून घेतली.

रविवारी त्याने गाडीच्या दोन्ही पायऱ्या काढल्या. दारातून चढताना पाय ठेवायची लांब पट्टी असते, ती. खडकाला पहिली तीच आपटते, असे त्याचे म्हणणे. मी विचारले, "मग मी कशी चढू?" तो बोल्ट सोडवत म्हणाला, "तू कुठे येतेस आई, दगडाधोंड्यांत? आम्ही मित्र-मित्र चाललोय." पायऱ्यांना गिऱ्हाईकही मिळाले होते. मला फार वाईट वाटले. तरी टॉर्च धरून ठेवला, कारण त्याचा हात कापला असता.

मंगळवारी दुपारी मी पार्किंगमध्ये जाऊन डाव्या बाजूची पायरी उचलली. उजवीकडून मी कधी चढले नाही, म्हणून उजवी तशीच ठेवली. पायरी जड निघाली. वॉचमनने दुसरे टोक धरले. कोणाला सांगू नकोस, असे मी त्याला बजावले. पार्किंगच्या कॅमेऱ्यात त्याचे टोक दिसते, मी खांबाआड आहे, असे इथे आल्यावर कळले. पायरी माझ्या पलंगाखाली आहे.

चोरी झाली, मुलाने तक्रार दिली, असे घरात बोलणे चालले होते ते मी ऐकले होते. पण एवढ्या महागाच्या गाडीचे काहीतरी महागाचे गेले असेल, असे मला वाटले. आज सकाळी वॉचमनला इथे आणल्यावर उलगडा झाला. हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. त्याने माझे नाव का घेतले नाही, ते कळत नाही. मी त्याला गप्प राहायला सांगितले होते, कोठडीत बसायला नाही. त्याला आधी सोडावे.

पायरीचे काय करणार होतात, असे साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, मला माहीत नाही. ती विकली जाऊ नये, एवढेच डोक्यात होते.

मुलाला समोर बोलावले. तो म्हणाला, "आई, मला विचारायचं तरी होतंस."

मी म्हणाले, "विचारलं होतं."

मग तो तक्रार मागे घेतो म्हणाला. पायऱ्या परत बसवतो आणि येत्या रविवारी मावशीकडे जाऊ, असेही म्हणाला. बोलताना तो साहेबांकडे बघत होता. हे त्याने मला सांगितले की साहेबांना, ते मला समजले नाही.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. जे मला समजले नाही, तेही मी सांगितले तसेच लिहिले आहे. बरोबर आहे.