गळ्याची शपथ

पेटीवाले, सूर तेवढा धरून ठेवा. तबलजी, तुम्ही घोटभर पाणी प्या, आता थोडा वेळ माझं एकट्याचंच काम आहे.

मंडळी, एक विचारतो, देवळात बसलाय तेव्हा खरं सांगा. आपल्या प्रेमाच्या माणसानं 'नको' म्हटलं, तर ते आपण ऐकतो का? कुठलं ऐकतोय! जावई नको म्हणाला — वाढा दोन जिलब्या जास्त. पाहुणी नको म्हणाली — 'लाजतेय हो बिचारी!' हसा, हसा. पण मला सांगा, हा आग्रह म्हणजे प्रेमच असतं का? की आपलंच म्हणणं चालवायची हौस? पुराणात शोधू नका. गोष्ट आपल्या सांगलीकडचीच आहे.

तीन मित्र. मुरलीधर, शिवलिंग आणि दिगंबर. एका बाकावर शिकलेले, पुढे नोकरीनं पांगलेले, आणि निवृत्त होऊन पुन्हा गावात आलेले. मुरलीधर म्हणजे जत्रेचा माणूस. एक दिवस म्हणाला, "चला रे, नाशिकला जाऊ. तिथं वाईन कशी करतात ते बघू."

आता बघा! सांगलीची माणसं द्राक्षं बघायला नाशिकला! घरामागं बाग आणि गाडी काढून दुसऱ्याची बाग बघायला जायचं. पण मित्रांबरोबर जायचं म्हटलं की माणूस शेजारची विहीरसुद्धा कौतुकानं बघतो. निघाले. गाडी शिवलिंगची, गप्पा मुरलीधरच्या. आणि दिगंबर मागच्या सीटवर, खिडकीशी, गप्प.

का गप्प? ते ऐका. दिगंबर पूर्वी प्यायचा. थोडी नव्हे, घर बुडेल इतकी. लेकीच्या, शर्वरीच्या साखरपुड्यात तो सगळ्या पाहुण्यांसमोर पडला होता. त्या पोरीनं बापाशी बोलणं टाकलं. मग त्यानं सोडली. कशी सोडली ते त्याची बायको जाणे आणि पांडुरंग जाणे. पुष्कळ वर्षं गेली, तेव्हा कुठं लेकीचं मन वळलं. तिनं आपला मुलगा त्याच्या हवाली केला. रोज दुपारी नातवाला शाळेतून आणायचं काम आजोबाकडे. बास! तेवढ्यावर तो माणूस जगत होता हो.

आणि मित्रांना काय माहीत? 'दिग्या पूर्वी घ्यायचा, हल्ली बायको घेऊ देत नाही.' एवढंच. तो लाजेपायी बोलला नाही, यांनी विचारलं नाही.

तर पोचले. डोंगराच्या पायथ्याशी द्राक्षमळा, पलीकडं धरणाचं पाणी, थंडीतलं कोवळं ऊन. तिथल्या मुलीनं सगळं फिरवून दाखवलं. मोठाल्या टाक्या, लाकडाची पिंपं. मग चव बघायच्या खोलीत नेलं. तिथं वाईन नुसती प्यायची नाही बरं का! आधी ग्लास गोल फिरवायचा, मग त्यात नाक खुपसायचं, मग हुंगायचं. आमच्या घरी ताक असं हुंगलं असतं तर आईनं विचारलं असतं, "का रे, आंबलंय का?"

ग्लास आले. दिगंबरनं आपला ग्लास हळूच बाजूला सारला. म्हणाला, "मला नको."

मुरलीधर हसला. "अरे, ही काय दारू आहे? द्राक्षाचा रस आहे."

"नको रे. मला सोसत नाही."

ती मुलगी म्हणाली, "काका, तुम्हाला साधा रस देऊ का?"

मंडळी, तेव्हाच सुटला असता तो! पण मुरलीधरनं तिला हातानं थांबवलं. "तुम्ही राहू द्या हो, हा आमच्यातला लाजाळू आहे. दिग्या, एवढ्या लांब आलो, एक घोट नाही घेणार? तुला माझ्या गळ्याची शपथ."

दिगंबरनं शिवलिंगकडं बघितलं. शिवलिंग म्हणाला, "घे रे, त्याचं मन मोडू नकोस."

आणि त्यानं घेतली. मित्राचं मन राखलं त्यानं! परतीच्या वाटेवर दिगंबर खूप बोलला, गाणीसुद्धा म्हणाला. मुरलीधर म्हणाला, "बघ, खुलला की नाही?"

चार दिवसांनी दिगंबरनं स्वतःच एक बाटली आणली. 'वाईनच तर आहे.' मग वाईनवरून जुन्या वाटेला लागायला किती वेळ? आणि एका दुपारी शाळा सुटली, सगळी पोरं गेली, आणि त्याचा नातू फाटकाशी उभा राहिला. आजोबा आलेच नाहीत. शेजारच्या बाईंनी पोराला घरी पोचवलं. दुसऱ्या दिवसापासून पोराला आणायला शर्वरी स्वतः जाऊ लागली.

मुरलीधरला हे शिवलिंगकडून कळलं. तसाच उठून गेला. दिगंबर ओट्यावर बसला होता, दाढी वाढलेली. मुरलीधरच्या डोळ्यांना पाणी आलं. म्हणाला, "अरे लेका, एवढं होतं तर मला सांगायचंस ना."

दिगंबर रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "सांगितलं होतं की. नको म्हटलं होतं."

मुरलीधर तिथंच त्याच्या शेजारी टेकला. तो अजून अधूनमधून त्या ओट्यावर जाऊन बसतो. शाळा सुटायची वेळ झाली की दिगंबर रस्त्याकडं बघत राहतो, आणि मुरलीधर जमिनीकडं.

मंडळी, तुमच्या पंगतीत, तुमच्या सहलीत असा एकजण असतोच. कारण विचारलंत तर तो पित्त सांगेल, पथ्य सांगेल, खरं सांगणार नाही. तेव्हा विचारूच नका. त्याच्यापुढचा ग्लास उचलून बाजूला ठेवा आणि दुसरा विषय काढा. आणि ज्यांनी आधीच कुणाला शपथ घालून पाजलीय — खाली बघू नका, मी कुणाचं नाव घेत नाही — त्यांनी उद्या त्याच्या घरी जावं. उपदेश करू नये, नुसतं शेजारी बसावं. घोट परत घेता येत नाही बाबांनो. बसता येतं.

धरा टाळ. ज्याला आपण बोलायच्या आधीच ऐकू येतं, त्या विठ्ठलाचं नाव घेऊ या.