भीमराव डोळे मिटून ऐकतो

अहो, झोप कसली, तो माणूस झोपेत नोकरी करत होता नोकरी! तुम्हाला सांगतो, आमचा शेजारी भीमराव, मालगाडीचा ड्रायव्हर, झाशीहून मोठ गावाकडं जाणाऱ्या लायनीवर... न्हाव्याच्या खुर्चीत झोप, भाजीच्या रांगेत उभ्या उभ्या झोप, आणि बहिणीच्या घरच्या बारशाला तर ज्याचं बारसं ते पोर पाय नाचवतंय नि मामा पानावर बसून, हातात जिलबी धरून घोरतोय! हलवला की एकच पालुपद, "झोपलो कुठं? डोळे मिटून ऐकत होतो!"

समोरची मिश्राईन म्हणायची, "बड़ी पक्की नींद है भैया की, मन साफ है!" मन कसलं साफ, डोंबल! झोप उडवायला बरुआसागर गावचं आलं चघळून झालं, तळपायाला तेल झालं, दृष्ट काढून मिरच्या जाळल्या, अख्खी गल्ली खोकली, आणि हा? डोळे मिटून ऐकत होता!

आता इंजिनावर रीत अशी, की सिग्नल दिसला की एकानं रंग पुकारायचा, दुसऱ्यानं तोच परत पुकारायचा, म्हणजे दोघंही जागे. आणि मला खोडी काढल्याशिवाय अन्न पचत नाही. त्या बारशाच्या पंगतीत मी त्याच्या कानाशी ओरडलो, "हिरवा!" हा घोरता घोरता, "हिरवा!" मी, "दोन पिवळे!" हा, "दोन पिवळे!" मग म्हटलं, "पुढे म्हैस!" तर पठ्ठ्या झोपेतच, "पुढे म्हैस!" पंगत हसून लोळली. एकट्या यमुनाबाई, त्याची बायको, हसल्या नाहीत. वाढता वाढता थांबल्या, "काका... इंजिनावर पण हे असंच पुकारत असतील?"

हातातली जिलबी मी परत पानात ठेवली हो!

दुसऱ्याच दिवशी आम्ही रेल्वेच्या डॉक्टरांकडे. भीमराव फाटकातूनच परत फिरायला बघत होता. इंजिनावरून उतरवलं तर? अठरा वर्षं आपण वाजवलेली शिट्टी दुसरा कुणी वाजवणार, नि आपण हाफिसात फायली लावणार?... डॉक्टर विचारतात, "खर्राटे?" हा, "नहीं." बाई, "हाँ!" "सोते में साँस रुकती है?" हा, "नहीं." बाई मराठीतच सुटल्या, "रुकती म्हणजे! घोरणं एकदम बंद, मी आकडे मोजत बसते, मग असा हिसका देऊन परत सुरू!" "सुबह सिर भारी रहता है?" बघतो तर साहेब स्टुलावर... डोळे मिटून ऐकतायत!

डॉक्टर म्हणाले, "ये आलस नहीं है भीमराव जी, बीमारी है." झोपेत गळा मिटतो, श्वास अडकतो, रात्रभर झोप मोडते, ती दिवसा वसूल होते. इंजिन बंद! रात्री नाकाला हवेचं मशीन, पोट उतरवायचं, संध्याकाळची बाटली विसरायची, कुशीवर निजायचं. चार महिने बिचारा गाडीची शिट्टी ऐकली की भिंतीकडे तोंड करायचा. मग फेरतपासणी झाली, आणि पास! इंजिन परत!

मी पेढे मागायला गेलो, तर हा ओट्यावर हिरमुसून बसलेला. आतून यमुनाबाईंचं चाललेलं... दळण, गळका नळ, गच्ची, मेहुण्याचं लग्न, सासूबाईंचे गुडघे... संसाराला वीस वर्षं झाली, आज पहिल्यांदा त्याला सगळं ऐकू येत होतं. माझा हात धरून हळूच म्हणतो, "काका, जागेपणावर काही औषध आहे का हो?"