वाळवंटाकडची बाजू

(लास व्हेगास. आकाशपाळण्याची काचेची खोली. आत तिघंच : म्हातारा नॉर्बर्ट, त्याची मुलगी डार्ला, मुलगा वेन. पाळणा नुकताच वर निघालाय.)

डार्ला : या बाजूला या बाबा, काचेपाशी. घाबरू नका. हा इतका सावकाश फिरतो की फिरतोय हे कळतसुद्धा नाही.

नॉर्बर्ट : घाबरतंय कोण? बेअरिंगचा आवाज ऐकत होतो. चांगली निगा राखलीय कुणीतरी.

वेन : झालं. जन्मभर शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करत त्यांच्याखाली झोपलात, आता इथंही तेच. अहो, खाली बघा जरा. जग येतं हे बघायला.

नॉर्बर्ट : बघतोय. आपल्या अख्ख्या गावाला वर्षभर पुरतील एवढे दिवे आहेत.

डार्ला : आणि ते कारंजं. गाण्यावर कसं डोलतंय बघा. आईला बघायचं होतं हे.

नॉर्बर्ट : टीव्हीवर बघितलं होतं तिनं.

डार्ला : टीव्हीवर, हो. मी इथं राहायला आल्यापासून दर नाताळला फोनवर म्हणायची, पुढच्या वर्षी नक्की येते गं. आणि मागून तुमचा आवाज यायचा, जुगाऱ्यांच्या गावात काय ठेवलंय?

नॉर्बर्ट : आणायला हवं होतं तिला. चुकलंच माझं. आज आलो ना पण?

डार्ला : आलात. आता तुम्ही आलात.

वेन : जाऊ दे ना, डार्ला. पहिलीच संध्याकाळ आहे त्यांची. बाबा, कोळंबी आवडली ना?

नॉर्बर्ट : झकास होती. रविवारी घरी गेलो की शेजारच्या ॲल्विनला सांगतो. त्याला वाटतं त्याच्या तळ्यातल्या माशापलीकडे जगात चव नाही.

डार्ला : वेन, सांगतोस की मी सांगू?

वेन : तूच सांग. तुला गोड बोलता येतं.

नॉर्बर्ट : काय सांगायचंय?

डार्ला : इकडे या आधी. वाळवंटाकडच्या बाजूला.

नॉर्बर्ट : तिकडे तर अंधार आहे.

डार्ला : दिवे संपतात ना, तिथं तो लाल दिवा बघा, पाण्याच्या टाकीवरचा. त्याच्या अलीकडे बैठी इमारत आहे, पिवळ्या खिडक्यांची. दिसली?

नॉर्बर्ट : दिसली. तुरुंग आहे का?

वेन : तुरुंगात एवढी चांगली बाग नसते हो.

डार्ला : म्हातारी माणसं राहतात तिथं. डावीकडून तिसरी खोली तुमची. उद्या सकाळी जायचं आपण. तुमचे कपडे आजच पोचवलेत मी.

नॉर्बर्ट : माझी पिशवी तुझ्या घरी आहे.

डार्ला : पिशवी नाही. कपडे. मागच्या कपाटातले, तुम्ही कधी उघडत नाही त्या. वेननं गेल्या आठवड्यातच पाठवले होते.

नॉर्बर्ट : वेन?

वेन : बाबा, तुम्ही दोनदा शेगडी रात्रभर चालू ठेवलीत.

नॉर्बर्ट : एकदा.

वेन : दोनदा. दुसऱ्यांदा मी येऊन बंद केली, तुम्हाला सांगितलं नाही. दर रात्री अकरा मैल गाडी मारून यायचो तुमची खिडकी बघायला. पॅटी म्हणाली, एक तर मी, नाही तर तुझा बाप.

नॉर्बर्ट : मला विचारलं असतंत.

डार्ला : विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात. तुम्ही नेहमी नाहीच म्हणता. आई गेल्यावर घर आमच्या नावावर केलंत, तेवढंच एकदा हो म्हणालात.

नॉर्बर्ट : पाळणा थांबवायला सांगा. मला उतरायचंय.

डार्ला : मधे थांबत नाही हा. म्हणून तर इथं सांगितलं. खाली सांगितलं असतं तर तुम्ही तडक विमानतळाकडे चालायला लागला असतात.

नॉर्बर्ट : चालीनच. माझं घर आहे. किल्ली आहे माझ्या खिशात.

वेन : कुलूप बदललं, बाबा. आज पॅटीनं माणसं लावून घर रिकामं केलं. आत्ताच मेसेज आलाय, गॅरेजही झालं म्हणून.

नॉर्बर्ट : माझे नट-बोल्टचे पाने?

वेन : अर्धे गंजलेले होते.

नॉर्बर्ट : गंजलेला एकही नव्हता.

वेन : बरं, नसेल.

नॉर्बर्ट : आणि डचेस? ती कुठं आहे? तिला नेणार आहात ना तिथं? बागेत राहील ती. म्हातारी आहे, भुंकत नाही.

डार्ला : कुत्री चालत नाहीत तिथं.

नॉर्बर्ट : मग पॅटीकडे ठेवणार?

डार्ला : वेन, हे मी सांगणार नाही.

वेन : मंगळवारी जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं तिला, शेवटचं इंजेक्शन द्यायला. पायांनी थकली होती, बाबा. घेणार कोण होतं तिला?

नॉर्बर्ट : मंगळवारी मीच तिला तुझ्या गाडीत बसवलं. दार मीच लावलं. म्हणालो, रविवारी येतो.

वेन : तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही विमानात बसला नसतात.

नॉर्बर्ट : त्रास झाला का तिला?

वेन : नाही. वाटेत खूश होती. खिडकीतून तोंड बाहेर काढून बसली होती.

डार्ला : पाणी घ्या, बाबा. घोटभर. तिथं लोक चांगले आहेत. रविवारी मी येत जाईन, सगळ्या नाही पण जमेल त्या रविवारी.

नॉर्बर्ट : डार्ला, तुझी आई शेवटच्या आठवड्यात खूप बोलली. शुद्धीवर होती. सगळ्यांची नावं घेतली तिनं. ॲल्विनचं, वेनचं, दूधवाल्याचंसुद्धा. तुझं घेतलं नाही.

डार्ला : खोटं आहे हे.

नॉर्बर्ट : असेल.

डार्ला : वेन, तू होतास ना तिथं? सांग यांना, खोटं आहे म्हणून.

वेन : मी रात्री नव्हतो, डार्ला.

डार्ला : बाबा, खरं काय ते सांगा. बाबा.

वेन : आलो खाली. चला, दार उघडतायत. हात द्या, बाबा, पाळणा चालूच असतो उतरताना.

नॉर्बर्ट : धरू नकोस मला. पायरी कुठे आहे, तेवढं सांग.