निखाऱ्यावरचे जोडे

...अन् शिंगं हायेत म्हनतो मी! तुमाले सांगतो, ह्या डोळ्यानं पाह्यलं, शिंगं हायेत, शेपूट हाये, हिरवं कातडं हाये, भुवया तं बावीस परकारच्या, पन साधं धोतर नाही! येवढ्या मोठ्या गेममंदी एका मानसाले धोतर नाही भेटत? मले घाई नाही, मी शांत मानूस हावो, पन धोतर तं पाह्यजे ना?

आता इंझोरीत बसून हे मोबाइलचं येड मी काहून लावून घेतलं, ते सांगतो. माही नात राखी पुन्याले नोकरीले. फोनवर तिचं बोलनं काय, तं "जेवले का आबाजी? बरं, ठेवतो." संपलं. पन रविवारी त्या गेममंदी सोबत्यासंग दोन-दोन घंटे बोलते! दिवाळीत आली तवा तिनंच माह्या मोबाइलमंदी तो गेम टाकून देल्ला. म्हने, तुमीबी या न, चार वाजता आमची टोळी निंगते, निखाऱ्याची नदी ओलांडून गुहेत जाचं हाये. नात बोलावते अन् बुढा नाही जाईन?

तं एका रविवारी दोन वाजता बसलो. पयले आपला मानूस बनवा लागते. मले वाचता येत नाही, राखी फोनवरून सांगे, चित्र पाहून दाबा. दाबलं. तं छाती अशी, जशी पोळ्याच्या बैलाची! केस पांढरे केले तं तोंड पंचविशीचं. कंबर वाकतच नाही. अन् माह्या गालावरचा मस? लहानपनी राखी तो घंटीवानी दाबे, तो नसला तं पोरगी ओळखन कशी? तिचं आपलं एकच, "आबाजी, डोक्यावर नाव रायते, ओळखतो मी." पन मले घाई नाही... मी मस शोधून राह्यलो.

पंचफुला, म्हंजे आमची मंडळी, बाजूले तूर निवडत बसली होती. वाकून पाहे अन् म्हने, "लगनात येवढे नटले असते तं फोटो तरी बरा आला असता."

साडेतीनले मस सापडला. धोतर नाहीच, लोखंडाची चड्डी घालून गेलो बापा! राखी भेटली, निळी येनी, हातात तलवार. म्हने, हे घ्या जोडे, चार महिने खेळून कमावले, निखाऱ्यावर पाय जळत नाही. घातले. नातीनं देल्लेले जोडे, अशी चाल चाललो का काय सांगू...

वाटेत देऊळ लागलं. टोळी आत घुसली, धाडधाड, जोड्यासकट! मी पायरीवर थांबलो. हात जोडले, जोडे काढले, अन् मंग आत गेलो. बाहीर येऊन पाह्यतो तं जोडे गायब!

पोहरादेवीच्या जत्रेत मी एक चप्पल इकडं ठेवतो अन् एक तिकडं, चोराले जोडी सापडत नाही. पन इथं ते जोडे सुटे होतच नाहीत, त्याले मी काय करू?

टोळीचा म्होरक्या विनोद. नाकातून बोलते, "आजोबा, बूट कुठेयत तुमचे? उशीर होतोय आपल्याला."

राखी म्हने, "काढले? काहून काढले आबाजी?"

"देवळात जोडे घालून जाऊ?"

"तिथं देव नाही आबाजी. तिथं नुसती शक्ती भेटते."

"मंग देव कोनाले म्हनतेत बाई?"

मले वाटलं, चार महिन्याची मेहनत बुढ्यानं पायरीवर सोडली, आता फोनबी करन का नाही... विनोद बोंबलून राह्यला, टोळी निंगाली. अनवानी मी नदी कसा ओलांडीन? राखीले म्हनलं, जाय तू. मले घाई नाही.

नाही गेली. माह्या बाजूले पायरीवर बसली. खोलीवर एकटीले जेवन जात नाही, साहेब चांगला नाही, सारं सांगत बसली, सहा वाजेलोक. त्या बैलाच्या छातीत माहा जीव भरून आला, पन तिथं रडाचं चित्र काई सापडलं नाही.

आता दर रविवारी टोळी देवळापाशी येते. राखीचा हुकूम हाये, जोडे काढल्याबिगर आत जाचं नाही. विनोदबी काढते, कुरकुर करत. राखी तेवढी आत जात नाही, माह्यापाशी बसते. मंग सारे जोडे घालून निंगतेत नदीकडं, अन् मी रायतो मांगं अनवानी.

दीड घंटा लावून वीर बनवला, मस लावला, लोखंडाची चड्डी घातली... अन् काम काय भेटलं? जोडे राखाचं!