आबांच्या गाडीचा नंबर

मंडळी, नमस्कार करतो. वसंताच्या आई, तुम्हालाही.

मंडळाच्या सेक्रेटरींनी मला सांगितलं, दत्ता, तू वसंताचा दोस्त, दोन शब्द तूच बोल. मी नको म्हटलं. ते म्हणाले, तुझ्याइतकं त्याला कोण ओळखत होतं? ते खरं आहे. म्हणूनच मला बोलायचं नव्हतं. मी गॅरेजात पत्रे ठोकणारा माणूस, माईकसमोर कधी उभा राहिलेलो नाही. मध्येच थांबलो तर सांभाळून घ्या.

वसंताला जाऊन आज तेरा दिवस झाले. कंपनीतून पाळी करून आला, जिन्यात टेकला, आणि तिथेच गेला. या चाळीत पोरं त्याला गाडीवाला म्हणायची, आणि त्याच्याकडे साधी सायकल नव्हती. हसलात तरी चालेल. तोही हसायचा.

पण तो गाडीवाला कशामुळे, हे इथे सगळ्यांना ठाऊक नाही. नव्या बिऱ्हाडांना तर नाहीच.

वसंताचे वडील, आबा, एका शेठकडे ड्रायव्हर होते. शेठकडे दोन सीटची, उघड्या टपाची इंग्लिश स्पोर्ट्स कार होती. हिरवी. एक दिवस सकाळी गॅरेज रिकामं. शेठ म्हणाले, चावी ड्रायव्हरकडे, म्हणजे ड्रायव्हरनेच विकली. पोलीस चाळीत आले. आबांना सगळ्यांदेखत खाली नेलं. शाबीत काहीच झालं नाही, आठवड्याने सोडलं. पण नोकरी गेली, आणि पुन्हा कुणी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. वसंताचं लग्न ठरलं होतं, ते मुलीकडच्यांनी मोडलं. त्यानंतर त्याने लग्नाचा विषय कुणाला काढू दिला नाही.

वसंताकडे फक्त एक कागद होता. गाडीच्या सांगाड्यावर चेसिस नंबर ठोकलेला असतो. त्यावर कागद धरून पेन्सिल घासायची, नंबर कागदावर उठतो. आरटीओत तो द्यावा लागतो. शेठच्या गाडीचे कागद केले तेव्हा आबांनी एक जादा काढून ठेवला होता. तो वसंताला आबांच्या ट्रंकेत सापडला.

तो एक कागद खिशात घालून वसंत किती वर्षं फिरला! मुलुंडला एक म्हातारा डॉक्टर भेटला. डॉक्टर म्हणाला, अशीच गाडी मी शेठच्या मुलाकडून घेतली होती. म्हणजे चोर शेठच्या घरातच! वसंत त्या मुलाकडे गेला. तो म्हणाला, मी विकली ती वेगळी, माझी स्वतःची, दिसायला तशीच होती. आता काय करणार? डॉक्टरची गाडी शोधायची, तिचा नंबर कागदाशी जुळवायचा. जुळला तर आबा सुटले. वसंताला आयुष्यात एवढंच हवं होतं.

डॉक्टरने गाडी कागदपत्रांसकट मानखुर्दच्या भंगारवाल्याला दिली होती. कागदपत्रं त्याने कधीच रद्दीत घातली, आरटीओतही जुनं दप्तर सापडलं नाही, पण गाडी सिनेमावाल्यांना विकल्याचं त्याला आठवत होतं. असा वसंत आमच्या गोरेगावच्या गॅरेजात आला. शूटिंगला गाड्या भाड्याने देतो आमचा मालक. रंगीत टीव्ही आला त्या वर्षीची गोष्ट.

मी म्हटलं, आहे अशी एक, मढला बंगल्यावर शूटिंगला गेलीय, चल दाखवतो.

वर्सोव्याहून होडीने गेलो. गाडी पिवळी होती तेव्हा. वसंताने शर्ट काढून माझ्याकडे दिला आणि तो गाडीखाली शिरला. इंजिनावरही नंबर असतो, पण इंजिन आधीच बदललेलं, तिथे काही मिळणार नव्हतं. चेसिसवरचा रंग त्याने खरवडला. कागद लावला, पेन्सिल घासली. कागद नुसता काळा झाला. नंबराच्या जागी नवा पत्रा वेल्डिंग करून बसवलेला होता.

खालूनच म्हणाला, "दत्ता, हे कुणी केलं असेल रे?"

मी म्हटलं, "कोण जाणे यार."

मंडळी, ते मी केलं होतं.

त्याच्या दोन वर्षं आधी. चेसिस सडलेली, शूटिंग परवावर. मालक म्हणाला, काप आणि पत्रा मार. मी कापली. आमच्या धंद्यात नंबराला काय किंमत? प्रत्येक सिनेमाला मीच नवी नंबरप्लेट रंगवायचो, रंगही नवा. कापलेला तुकडा भंगारात टाकला. त्यावर आकडे होते, एवढं आठवतं. मी ते वाचले नाहीत.

यापुढचं सांगायला जीभ रेटत नाही. वसंत त्या दिवसापासून वेल्डरला शोधायला लागला. म्हणायचा, ज्याने कापलं त्याने नंबर वाचला असणार, तो भेटला की झालं. आणि सोबत कुणाला न्यायचा? मला. दर रविवारी. अंधेरी, जोगेश्वरी, कुर्ला, एक गॅरेज सोडलं नाही. सहा वर्षं मी त्याच्याबरोबर स्वतःलाच शोधत फिरलो. चहा तोच पाजायचा.

का नाही सांगितलं? मी मनाला म्हणायचो, सांगितलं तर त्याची आशा जाईल. खोटं आहे ते. मी घाबरलो होतो. आधी पोलिसांना, मग त्याला तोंड दाखवायला. गेल्या वर्षी ती गाडी एका सीनसाठी कड्यावरून खाली ढकलली, तेव्हा मला हायसं वाटलं. असा दोस्त मी.

आई, दहाव्याला तुम्ही माझा हात धरलात. म्हणालात, "दत्तू, गाडी तीच मां रे ती?" मी मान हलवली. होय म्हटलं. तुम्ही किती वर्षांनी अशा रडलात. आई, मला माहीत नाही. ती असेल, नसेलही. आता कुणालाच कळायचं नाही, आणि ते माझ्या हाताने झालं. माफी मागत नाही. ज्याने द्यायची तो गेला.

आबा वारले तेव्हा या चाळीत सभा झाली नव्हती. खांदा द्यायला चौथा माणूस बाहेरून आणावा लागला, हे मला वसंताने सांगितलं होतं. म्हणून आज दोन मिनिटं उभे राहू या, बापासाठी आणि लेकासाठी, दोघांसाठी. वसंतासाठी तुम्ही सगळे उठाल. आबांसाठी ज्यांना उठावंसं वाटणार नाही, त्यांनी बसून राहावं. मी त्यांना काही म्हणू शकत नाही. माझ्याकडे पुरावा नाही.